भट्टीला बोटभर भोक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही – नवऱ्यालासुद्धा नाही. परवा नात मला तिचा राकूचा, म्हणजे जपानी पद्धतीनं भांडी भाजायचा वर्ग दाखवायला घेऊन गेली. तिनं भट्टीतलं लालबुंद भांडं चिमट्यानं उचललं, भुशात ठेवलं, वर झाकण दाबलं. ‘आजी, आत हवा गेली ना, तर काळा रंग धरत नाही,’ मला समजावत होती. मला!

आम्ही चिंचवड गावठाणातले कुंभार. काळी मडकी करायची तर जाळ ऐन भरात असताना भट्टी शेणमातीनं लिंपून धूर आत कोंडायचा, आणि गार होईपर्यंत तिला हात लावायचा नाही. दादा पिंपरीच्या नव्या कारखान्यात लागला, तेव्हा आबांनी हे काम शिकवलं कुणाला? वहिनीला. लहानपणापासून माती तुडवली मी, आणि मला म्हणाले, ‘‘तू परक्या घरची. कसब घरात राह्यलं पायजे.’’ पोटच्या पोरीवर विश्वास नाही? फार लागलं ते. अजून लागतं.

वहिनीचा त्यात काय दोष होता? ‘वन्सं, मी शिकवते तुमाला गुपचूप,’ असंही ती म्हणाली होती. ते तर जास्तच झोंबलं.

मग तिनं एकटीनं लिंपलेली पहिली भट्टी. दुपारी सगळे जेवायला बसले, वहिनी वाढत होती, आणि मी – कसं सांगू? – मागच्या अंगाला ओल्या लिंपणात बोट खुपसलं. आरपार. बोटाला टरारून फोड आला. चुलीवर पोळलं म्हणून सांगितलं. वहिनीनंच त्यावर तूप लावलं.

तिसऱ्या दिवशी भट्टी उघडली, तर मागची सगळी मडकी तांबडी, भुरकट. विटाळशी असल्याचं लपवून हिनं हात लावला, म्हणून भट्टी बिघडली – आबांनी ठरवूनच टाकलं. आमच्यात याहून मोठा गुन्हा नव्हता. वहिनी रडत माझ्याकडे वळली, ‘‘वन्सं, मी विटाळशी न्हवते, तुमाला ठावं हाय की. सांगा न्हवं!’’

‘‘मला न्हाई ठावं,’’ मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. तोंडाकडे नाही, बोटाकडे. तिला कळलं. कळूनही ती बोलली नाही.

तिला चाकणला माहेरी धाडलं. दादानं परत आणली नाही, वर्षभरात दुसरी केली. दगा माझ्याशी झाला, असंच मी तेव्हा मनाला सांगत होते. आबांनी मग नाइलाजानं मला शिकवलं. लग्न होईपर्यंत भट्टी मीच लिंपायची. एकही मडकं कधी तांबडं निघालं नाही.