पालथी टोपली

सेनगावच्या स्टँडवर सीताफळं विकणाऱ्या मावशींचं नाव मी कधी विचारलं नाही. प्रत्येक फळ अंगठ्यानं हळूच दाबून त्या सांगायच्या, "हे आज खा, हे परवा." शाळेत शिकवायला जाताना एसटीची वाट बघत मी रोज त्यांच्याशेजारीच बसायची.

एके दिवशी माझा मोबाइल सापडेना. मी म्हणाले, "मावशी, जरा टोपली दाखवा."

लोक जमले. मावशींनी टोपली डांबरावर पालथी केली. पिकलेली फळं फुटली. तेवढ्यात मोबाइल वाजला, माझ्याच पिशवीत, वह्यांखाली.

मी फळं वेचायला वाकले.

"राहू द्या मॅडम," त्या म्हणाल्या, "तुमची यष्टी निघून राहिली."

हातातलं फुटकं फळ पालथ्या टोपलीशेजारी ठेवलं. मी गाडीत चढले.