आईचा दोरा आणि खाडीकडची बाजू

मंडळी, आज सकाळी अंजूरच्या आमच्या पाचकोनी शेताची मोजणी झाली. खाडीकडची बाजू भरली दीडशे फूट. माझ्या अंगावर काटाच आला!

ब्याण्णव साली शेजारचा गोदामवाला आमच्या शेतात भिंत सरकवायला बघत होता. म्हणे, ती बाजू शंभरच फूट आहे. तिथे कमरेएवढा चिखल, मोजणार कोण? सातवी शिकलेल्या माझ्या आईने शेताचा नकाशा घेतला. रस्त्याकडची बाजू साठ फूट, हे माहीत होतं. नकाशावर त्या बाजूएवढा दोरा तोडून तिने खाडीच्या बाजूला लावला. अडीच वेळा बसला.

"साठाच्या अडीचपट दीडशे. एक फूट सोडणार न्हाय."

भिंत थांबली.

आज मोजणीदारांनी आकडा सांगितला, तशी ऐंशीची आई बांधावरूनच म्हणाली, "म्हंजे तुमची मशीन बरोबर हाय."