दादाच्या कॅसेटचं कव्हर

सन १९९८. माझं वय बावन्न, आणि माझा थोरला भाऊ जिवंत होता.

ही शेवटची गोष्ट मुद्दाम लिहून ठेवतो, कारण त्या वर्षी पंचवटीपासून पिंपळगावपर्यंत तिच्यावर कुणाचाच विश्वास नव्हता. आणि त्याला कारण मी!

मी पेंटर. शाळा चौथीपर्यंत (चौथीत दोनदा बसलो, म्हणजे हिशेबानं पाचवीच!). पण हात असा की हेडमास्तर शाळेचा बोर्ड माझ्याकडून लिहून न्यायचे. दुकान पंचवटीत, घाटाच्या चढावर. त्यामुळे अर्धं काम श्रद्धांजलीचं. गेलेल्या माणसाचा फोटो सकाळी आणा, दुपारी पत्र्यावर घेऊन जा. अंडाकृती चौकट, भोवती झेंडूचा हार, डोक्यामागं किरण, दोन बाजूंना दोन समया. तीस वर्षं हेच केल्यावर हात डोक्याला विचारायचं सोडून देतो.

दादा सनई वाजवायचा. लग्नातली सनई. त्या वर्षी त्याची छाती बिघडली. डॉक्टर म्हणाले, "ही लग्नसराई वाजवा. पुढच्या वर्षी सनई खुंटीला." दादाला वाटलं, शेवटचीच आहे तर एकही मुहूर्त रिकामा जायला नको. म्हणून त्यानं कॅसेट काढली. मंगल कार्यालयांच्या मॅनेजरांना आणि आचाऱ्यांना वाटायची, म्हणजे बोलावणी येतील.

कव्हर कोण करणार यावरून घरात जुंपली. दादाची एकुलती एक पोरगी पुष्पा कंप्युटरवर लग्नपत्रिका करायची. ती म्हणाली, "काका, मी करते ना. एका तासात."

"कंप्युटरला कान आहेत का?"

"कव्हरला कान कशाला लागतात?"

"सुराला रंग असतो, पुष्पे! आधी ऐकायचं, मग रंगवायचं. दादा, तू माझ्या दुकानात बसून वाजव. सूर सांगंल तसं मी काढतो."

दादा धाकट्या भावाला कधी नाही म्हणायचा नाही. (म्हणायला हवं होतं!) दुपारी दुकानात स्टुलावर बसला आणि वाजवायला लागला. लग्नातलं जलद वाजवायला दम पुरेना, म्हणून भैरवी घेतली. मैफल उठताना वाजवतात ती. दोन ओळी वाजवायचा, थांबायचा, खोकायचा, पुन्हा ओठाला लावायचा. मी पाठमोरा उभा होतो. मागं वळायची हिंमत नव्हती. हात आपला चालत होता.

हात थांबला तेव्हा पत्र्यावर दादा होता. अंडाकृती चौकटीत. भोवती झेंडूचा हार, डोक्यामागं किरण, दोन बाजूंना दोन समया. डोळे मिटलेले.

पुष्पा बघतच राहिली. "काका, हे श्रद्धांजलीचं वाटतंय."

"मी कैलासवासी लिहिलंय का कुठं?"

"लिहायची गरजच नाही!"

"सनई वाजवताना माणूस डोळे मिटतो. तुला कलेतलं काय कळतंय? दादा, तू सांग."

दादानं पत्रा हातात घेऊन बराच वेळ पाहिला. म्हणाला, "नाक माझंच आहे." झालं! मी ते मान्यता म्हणून धरलं.

पत्र्याचा फोटो काढून कव्हरं छापली, कॅसेटी वाटल्या. उरलेल्या घाटावरच्या पूजासाहित्याच्या दुकानात विकायला ठेवल्या.

चौथ्या दिवशी पिंपळगावहून टेम्पो आला. ज्या कांदा व्यापाऱ्याच्या पोरीच्या लग्नात दादा वाजवणार होता, तो शेठ स्वतः, आणि मागं सात-आठ माणसं टोप्या काढून. दार दादानंच उघडलं. शेठनं खाली मान घालून सुरुवात केली.

"लय वाईट झालं बघा."

"काय झालं?"

"दादा गेले ना."

"कुठं?"

शेठनं मान वर केली आणि असा मागं सरला की मागचे चौघं पायरीवरून थेट तुळशीपाशी! वहिनी चहा घेऊन बाहेर आल्या, तर टेम्पोतून उतरलेली एक म्हातारी त्यांच्या कपाळाकडं बघून म्हणाली, "अगं बाई, अजून कुंकू?" वहिनींनी कपबशीसकट ट्रे खाली ठेवला आणि माझ्याकडं पाहिलं. तसंच वहिनींनी पुढं आयुष्यभर माझ्याकडं पाहिलं.

मग रांगच लागली. तिसऱ्या गल्लीतून दुखवट्याचं पिठलं-भाकरी आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पिठलं. तिसऱ्या दिवशी ओझरहून माझे व्याही पिठलं घेऊन आले. दादा जेवायला बसला नि म्हणाला, "वसंता, मेल्यावर इतकं मिळतं हे माहीत असतं तर आधीच मेलो असतो." सगळे हसले. हसता हसता त्याला खोकला आला, तो पाऊण तास थांबला नाही.

शेठला मी हात धरून सांगितलं, "दादा धडधाकट आहे. लग्नात वाजवंल."

"दिसतंय ना मला. पण पेंटर, खोटं नाय बोलत. घरी बायामाणसांनी कव्हर पाह्यलं. आता ती सनई वाजली की त्यांच्या डोळ्यापुढं हारच येतो. पोरीचं लगीन हाय. तुमीच सांगा."

मी म्हणालो, "तुमच्या बायकांना कला कळत नाही!" (असा मी.)

मंगल कार्यालयांचंही तेच. मॅनेजर दादाच्या पाया पडायचे, तब्येत विचारायचे आणि ओझरचा दुसरा सनईवाला ठरवायचे. एकेक मुहूर्त गेला. दादा रोज सकाळी सनई पुसायचा, इस्त्रीचा सदरा घालून ओट्यावर बसायचा आणि दुपारी सदरा काढून ठेवायचा. मी पुष्पाला म्हणायचो, "लोकांची चूक आहे." पुष्पा दुसऱ्यांच्या लग्नपत्रिका करत बसायची. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

आणि इकडं घाटावरचा दुकानदार हाक मारतो, "पेंटर, कॅसेटी संपल्या! अजून द्या!"

"कोण घेतंय?"

"दहाव्याला येणारे. कव्हर बघूनच उचलतात!"

हे दादाला सांगणार नव्हतो. पण त्याच्या कानावर गेलं. म्हणाला, "मला घाटावर ने." दोन ठिकाणी टेकत टेकत नेला. दुकानात त्याचीच भैरवी चालू होती. खाली कुणाचा तरी दहावा. एक बाई पायरीवर बसून पदर तोंडाला लावून ऐकत होती. दादा ती बाजू संपेपर्यंत उभा राहिला.

"लग्नात कुणी ऐकत नाही रे," म्हणाला, "पंक्तीकडं धावतात. इथं ऐकतात."

"मग? कव्हर बरोबरच होतं की!" मी म्हणालो. (जीभ झडली नाही माझी!)

दादा म्हणाला, "पण मला लग्नात वाजवायचं होतं, वसंता."

त्या उन्हाळ्यात तो एकाही मांडवात बसला नाही. पावसाळ्यात श्वास आणखी आखडला आणि पितृपक्षाच्या दुसऱ्या दिवशी दादा गेला. खरोखर गेला. मी माणसं धाडली. पिंपळगावहून शेठचा निरोप आला, "आमी मागंच येऊन गेलो ना?" तिसऱ्या गल्लीतून पिठलंही आलं नाही. एका माणसाचं दुःख लोक दोनदा कसं करणार? त्यांचं करून झालं होतं!

दहाव्याला आम्ही मोजून सहा जण. दादाला मुलगा नाही, म्हणून मुंडण माझं. पिंड ठेवला, बाजूला झालो. वरच्या दुकानात दादाची कॅसेट चालू. कावळा झाडावर बसला आणि बसूनच राहिला.

गुरुजी म्हणाले, "पितृपक्ष आहे. पोटं भरलीत त्यांची. थांबू थोडं."

एक तास गेला. गुरुजी घड्याळ बघत म्हणाले, "काही इच्छा राहिली असेल. बोला."

मी हात जोडले. "दादा, पुष्पाचं लग्न मी करून देतो." कावळा ढिम्म. "वहिनींना अंतर देणार नाही." कावळ्यानं पाठ फिरवली. "दुकानाला तुझं नाव देतो!" कावळा उडून पलीकडच्या फांदीवर. ऊन चढलं, भादरलेलं डोकं तापलं. वहिनी दुरून माझ्याकडं बघत होत्या. सगळ्यांना माहीत होतं काय राहिलंय. मलाही.

वर कॅसेटमध्ये भैरवी लागली. दम घ्यायला तो जिथं थांबायचा, तिथं ती थांबली.

मी म्हणालो, "दादा, कव्हर चुकलं माझं."

बावन्न वर्षांत हे वाक्य माझ्या तोंडून कधी गेलं नव्हतं. पुरतं बाहेर पडायच्या आत कावळा खाली! (गुरुजी म्हणाले, भूक लागली असेल. असेलही. पण गुरुजी दादाला ओळखत नव्हते.)

दुसऱ्या दिवशी सकाळी, सुतक असतानाच, मी दुकान उघडलं. नवा पत्रा घेतला, हळदीसारखा पिवळा फासला आणि त्यावर दादा काढला. फेटा बांधलेला, गाल फुगलेले, डोळे टक्क उघडे. मागं मांडव आणि आंब्याचं तोरण. चौकट नाही, समई नाही. पत्रा ओलाच घेऊन पुष्पाकडं गेलो.

"हे कंप्युटरात घाल. कव्हर बदलायचंय."

तिनं ओढणीनं डोळे पुसले. "काका, आता बाबा अगदी जिवंत वाटतात."

"मग?"

"मग काय? आता गेलेत ना."

मी पत्रा छातीशी धरून परत निघालो. रंग ओला आहे हे तीस वर्षं ब्रश धरलेल्या पेंटरला घरी पोचेपर्यंत आठवलं नाही. दारात आमच्या मंडळींनी माझं तुळतुळीत डोकं पाहिलं, पिवळाधमक सदरा पाहिला आणि कपाळावर हात मारला.

"अहो, काल मुंडण झालं ना तुमचं? सुतकात हळद कुणी लावली?"