मैत्रिणीला सांग

"मैत्रिणीला सांग," असं म्हणून आमच्या डॉक्टरताईंनी चष्मा डोक्यावर सरकवला, की समजावं, बाई कामाला लागल्या.

त्या आयर्लंडमधल्या मलिंगार गावच्या हॉस्पिटलात बायकांच्या डॉक्टर. डब्लिनला मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला आल्या, की मंडळातल्या एकीलाही स्वतःचं काही होत नसे. जे व्हायचं ते मैत्रिणीला. ताईंनी कुणाची मैत्रीण कधी उघडी पाडली नाही. भांडी घासायच्या निमित्ताने सांगणारीला सिंकपाशी न्यायच्या, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून नळ मोठा सोडायच्या आणि मग विचारायच्या.

मी तेव्हा डब्लिनमध्येच, सँट्री भागात राहून शिकत होते. लग्न व्हायचं होतं. एका शनिवारी मित्राबरोबर सोफ्यावर जरा जास्तच जवळीक झाली आणि नेमकी पाळी लांबली. झालं, माझं धाबं दणाणलं. नाशिकला बाबांना काय तोंड दाखवणार? शिक्षण सोडून परत जायचं मी मनात ठरवूनही टाकलं होतं. उपाय म्हणून एशियन दुकानातली कच्ची पपई चालू होती. त्यात संक्रांतीच्या कार्यक्रमात मी तिळाचे लाडू असे काही हाणले, की वाटणाऱ्या काकू म्हणाल्या, अगं, इतरांनाही गोड बोलू दे.

ताईंनी ते पाहिलं आणि मला दंडाला धरून सिंकपाशी नेलं. मी सुरुवात केली, माझ्या एका मैत्रिणीला...

"तिच्या अंगावर कपडे होते?"

"होते ना, दोघांच्याही, सगळे," म्हणाले आणि जीभ चावली. "म्हणजे, ती तसं म्हणाली."

ताई हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार.

"मग मैत्रिणीला सांग, कपड्यांवरून मिठ्या मारून दिवस जात नाहीत. वीर्य योनीपाशी पोचलंच नाही, तर गर्भ राहील कसा? पाळी काळजीनेही लांबते. तरी झोप लागत नसेल तर टेस्ट करून बघायची. आणि पुढे कधी कपडे नसताना काही झालं, तर पपई नाही, सरळ फार्मसीत जायचं. गोळी मिळते, चिठ्ठी लागत नाही. जितकी लवकर घेशील तितकी बरी."

मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "बाबांची भीती वेगळी आणि पोटाची वेगळी. दोन्ही एका भांड्यात शिजवू नकोस."

हे मात्र मैत्रिणीला नव्हतं. मला रडू फुटलं. त्यांनी नळ आणखी मोठा केला.

पुढच्या आठवड्यात भर लेक्चरमध्ये पाळी आली. इतका आनंद मला पास झाल्यावरही झाला नसेल. मैत्रीण बरी आहे, असं मी ताईंना कळवलं. आयरिश थाटात उत्तर आलं, "ग्रँड. आता लाडू कमी."

यथावकाश त्याच मित्राशी माझं लग्न झालं. ताईंनी स्वतः लग्न केलं नव्हतं. आई अंथरुणाला खिळली तशा त्या नोकरी सोडून सांगलीला गेल्या, आणि मंडळाच्या सिंकपाशी आता भांडी नुसतीच घासली जातात.

गेल्या महिन्यात मी टेस्ट केली. या वेळी हवीहवीशी. नाशिकला कळवायच्या आधी व्हिडिओ कॉल केला तो ताईंना. मला वाटलं, मनसोक्त चेष्टा करतील. कसलं काय! नाक ओढत फोलिक ॲसिड घेतेस का, उलट्या होतात का, एवढंच विचारत राहिल्या. ठेवते, म्हणाल्या खऱ्या, पण फोन बंद करायचा विसरल्या. पडद्यावर छताचा पंखा फिरत राहिला. पलीकडून त्यांचा आवाज आला, कमी ऐकू येणाऱ्या आईसाठी चढवलेला:

"आई, अगं ऐकलंस का? आपल्या पोरीला दिवस गेलेत."