फ्रीव्हील काढलेली सायकल

अकोल्याच्या कचेरीत माझ्या शेजारी बसणारा कारकून मूर्तिजापूरचा होता. आम्हा दोघांकडे सारख्याच जुन्या विलायती सायकली होत्या. एका उन्हाळ्यात त्यानं मिस्त्रीकडून आपल्या सायकलीचं फ्रीव्हील काढून घेतलं आणि पक्कं दातेरी चाक बसवलं. आता मागचं चाक फिरेल तोवर पायडलही फिरायचं. कॅरियर, मडगार्ड सगळं उतरवलेली ती सायकल हरणासारखी दिसायची. कचेरी सुटल्यावर तो आवारात सायकलवर पाय न टेकवता एका जागी उभा राहायचा, उलटं पायडल मारून मागे जायचा. साहेबसुद्धा बघत थांबायचे.

एकदा माझ्या बायकोनंही ते पाहिलं. घरी आल्यावर म्हणाली, "तुमाले जमते का असं?"

त्या रात्री मी नीट जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी गुपचूप त्याच मिस्त्रीकडे गेलो.

मोर्णेच्या पुलाच्या उतारावर सवयीनं पाय थांबवले आणि पायडलनं मला उचलून फेकलं. मागून तो कारकूनच येत होता. माझं कोपर धुऊन देत म्हणाला, "मले पण पाडलं होतं हिनं. कोनाले सांगतलं नाही."

महिनाभर त्यानं मला शिकवलं. मला उभं राहता आलं, पण त्याच्याइतका वेळ कधीच नाही. पुढं त्याची अमरावतीला बदली झाली. स्टेशनवर निरोप देताना माझे डोळे भरले, आणि गाडी हलली तेव्हा मनातून बरंही वाटलं.