पबमधला आग्रह

माझ्या घरात आग्रह होत नाही. जेवायला कोणीही येवो, एकदा विचारायचं, 'नको' आलं की पातेलं उचलून आत न्यायचं. हे तत्त्व मी लग्नाआधीच ठरवलं होतं, कारण मी नागपूरची आहे आणि लहानपणी मला जिलेबी चारून चारून छळलेलं आहे. आमच्याकडे पाहुण्याने पानावर दोन्ही हात आडवे धरले तरी बोटांच्या फटीतून पाक सोडणारे काका होते. माझ्या एका आत्याने 'माझ्या गळ्याची शपथ' घालून डायबिटीस असलेल्या माणसाला चार जिलेब्या खायला लावल्या आणि पुढे कित्येक वर्षं ती हे कौतुकाने सांगायची. त्यामुळे अमेरिकेत आल्यावर, इथे 'नो, थँक यू' म्हटलं की समोरचा खरंच थांबतो हे पाहून मला हायसं वाटलं. सव्वीस वर्षं मी इथे सुखात आहे.

सासूबाईंचं काय, हा प्रश्न मला कधी पडला नाही. त्या मालवणच्या. दर दोन-तीन वर्षांनी श्रूजबरीला आमच्याकडे येतात, तीन महिने राहतात, माझ्या फ्रीजची व्यवस्था बदलतात आणि परत जातात. या खेपेला आल्या आल्याच त्यांनी जाहीर केलं की ही शेवटची फेरी, आता गुडघे ऐकत नाहीत. त्याच दिवशी कोथिंबीर निवडता निवडता त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. गावच्या महिला भजनी मंडळात तीस वर्षं त्या पुढे बसून गायच्या. यंदा मंडळातल्या नव्या बायका म्हणाल्या, "काकू, तुम्ही आता नुसता टाळ धरा."

"धरला मग मी टाळ," असं म्हणून त्या हसल्या. मीही हसले. मी अशीच आहे, कोणी हसलं की हसते आणि पुढच्या कामाला लागते.

आमची मुलगी दातांच्या दवाखान्यात हायजिनिस्ट आहे. लोकांचे दात साफ करते. नातेवाइकांना आम्ही 'मेडिकल फील्डमध्ये आहे' एवढंच सांगतो. शाळेत ती व्हायोलिन शिकली, आणि आम्हाला वाटलं होतं त्याचा कॉलेजच्या ॲडमिशनला उपयोग होईल. उपयोग एवढाच झाला की दर रविवारी दुपारी ती घरापासून दीड तास ड्राइव्ह करून समुद्रकाठच्या एका आयरिश पबमध्ये जाते आणि तिथल्या म्हाताऱ्या माणसांबरोबर वाजवत बसते. आजी आल्यापासून तिचा हट्ट होता की आजीला तिथे आणायचंच. जमता जमता परतीच्या विमानाला दहा-बारा दिवस उरले, तेव्हा कुठे आम्ही चौघं निघालो.

पब अगदी पाण्याला लागून आहे. आत शिरलं की तळण, बिअर आणि खारा वारा असा एकत्र वास येतो, आणि टेबलं इतकी चिकट की कोपर उचलताना आवाज होतो. वादकांना स्टेज नाही. कोपऱ्यातल्या गोल टेबलाभोवती आठ-दहा जण एकमेकांकडे तोंड आणि आपल्याकडे पाठ करून बसतात. धून सुरू झाली की लवकर थांबत नाही, आणि मला सगळ्या धुना सारख्याच वाटतात, हे मी लेकीला सांगितलेलं नाही. मधूनच वाद्यं खाली ठेवली जातात आणि कोणीतरी एकटंच, साथीशिवाय, एक गाणं म्हणतं. त्याचं झालं की त्याने पुढच्याला बोलवायचं. खात बसलेल्यांपैकीही कोणाला बोलावलं तरी चालतं.

पहिल्या रविवारी सासूबाई खूश होत्या. तळलेला कॉड आला तेव्हा त्यांनी काट्याने वरचं आवरण उचलून बघितलं आणि "माशाला एवढी जाड गोधडी कशाला घातली गो?" असं विचारलं, पण खाल्ला सगळा. वादकांच्या चपट्या ढोलाला त्या डफ म्हणाल्या आणि टेबलावर बोटांनी ठेका धरला. तेवढ्यात लेक ब्रेकमध्ये आली. "आजी, नेक्स्ट संडे यू शुड सिंग!"

"छे गो, माझं कसलं आता गाणं."

"ओके, नो प्रेशर!" असं म्हणून लेकीने आजीच्या गालाचा पापा घेतला आणि ती परत वाजवायला गेली. विषय संपला, असं निदान आम्हा तिघांना वाटलं.

सोमवारपासून घरात कपडे वाळवायचं मशीन सारखं चालू. हे मशीन सासूबाईंना मान्य नाही. कपड्यांना ऊन लागतं, असं त्यांचं मत. आणि आता त्या दिवसातून चारदा बेसमेंटमध्ये जाऊन दोन टॉवेल वाळवत होत्या. बुधवारी मी विचारायला खाली निघाले तर जिन्यावरच थांबले. मशीनच्या घरघरीखाली त्या गात होत्या. एका ओळीपाशी आवाज चिरकला. त्या थांबल्या, खाकरल्या, पुन्हा तीच ओळ. परत चिरकला. असं पाच वेळा झालं. तेव्हा मला कळलं की कोथिंबीर निवडताना त्यांनी विनोद केला नव्हता. आधीचा आवाज ज्यांनी ऐकला नाही अशा लोकांसमोर एकदा गाऊन, आपल्यात काही उरलंय का हे त्यांना बघायचं होतं. मी हसले होते, याची मला लाज वाटली.

रात्री मी नवऱ्याला म्हटलं, "आईंना रविवारी गायचंय."

"मग गातील की. कोणी अडवलंय?" तो म्हणाला. आमच्या घरचं सगळं शहाणपण या एका वाक्यात आलं.

पुढच्या रविवारी सासूबाई रेशमी साडी नेसून तयार. गुरुवारचं विमान होतं, म्हणजे हा शेवटचा रविवार. नवरा म्हणाला, "आई, बिअर सांडेल त्याच्यावर." त्यांनी लक्ष दिलं नाही. पबमध्ये मी कॉड मागवला तर त्यांनी ताट बाजूला सारलं. रविवारी मासे नाकारणारी मालवणची बाई मी तोवर पाहिली नव्हती. त्यांना फक्त गरम पाणी हवं होतं. वेट्रेसने आधी बर्फाचं आणलं, मग गरम आणलं पण त्यात चहाची पुडी बुडवून. तिसऱ्यांदा बिचारीने नुसतं गरम पाणी आणलं आणि 'एवढंच?' अशा नजरेने माझ्याकडे बघितलं. गाण्याआधी पोट भरायचं नसतं, हे मला समजत होतं. मी वेट्रेसकडे बघून नुसती मान डोलावली, कारण त्यांचं गुपित मला ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं.

हातभर टॅटू असलेल्या एका मुलीने कोणीतरी बुडून मेल्याचं गाणं म्हटलं. या लोकांच्या गाण्यांत बहुतेक माणसं एक तर बुडतात नाही तर बोटीने अमेरिकेला येतात. गाणं संपल्यावर आमची लेक तिच्या कानाशी लागली, आणि त्या मुलीने आमच्या टेबलाकडे हात केला. "ग्रँडमा?"

सगळा पब वळला. सासूबाईंनी कुठल्याही घरंदाज बाईने करावं तेच केलं. गळ्याला हात लावला, मान हलवली, खाली बघून हसल्या. "नो, नो. थ्रोट." आपल्याकडे याचा अर्थ एवढाच होतो की पुन्हा विचारा, जरा मोठ्याने विचारा.

"नो वरीज!" असं म्हणून त्या मुलीने आमच्या मागच्या टेबलावर बर्गर खाणाऱ्या एका टकल्या माणसाला बोलावलं. तो घास चावत चावतच उठला आणि सुरू झाला. त्याला लाजच नव्हती. त्याने सात कडवी म्हटली, त्यातली दोन त्याला येत नव्हती.

सासूबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं होतं. त्यांनी पदर सारखा केला. मग गरम पाण्याचा कप बोटाने हळूच टेबलाच्या पलीकडे ढकलला. आता तो लागणार नव्हता. नवरा चिप्स खात होता.

मी उठून गोल टेबलाकडे गेले. लेकीला म्हटलं, "तिला परत विचार."

"मॉम, शी सेड नो."

"तो नो नव्हता."

"यू कान्ट जस्ट डिसाइड दॅट! डोन्ट फोर्स हर."

तिचं काही चुकत नव्हतं. हे तिला मीच शिकवलं होतं, रोज पातेलं उचलून. मला रडू यायला लागलं होतं आणि रागही, नक्की कोणाचा ते सांगता येणार नाही. शेजारी पबमधला सगळ्यात म्हातारा वादक बसला होता, बासरीवाला. तरुणपणी आयर्लंडहून आलेला. काय झालं, असं त्याने विचारलं. मी सांगितलं की आमच्याकडे पहिल्या वेळी हो म्हणत नाहीत, ते बरं दिसत नाही, दोन-तीनदा विचारावं लागतं. तो खो खो हसला. म्हणाला, माझी आई सख्ख्या बहिणीच्या घरीसुद्धा चौथ्यांदा विचारल्याशिवाय चहा घ्यायची नाही.

"हिचे किती झाले?" त्याने विचारलं.

"एक."

"बरं," असं म्हणून त्याने बासरी टेबलावर ठेवली आणि गुडघ्यांवर हात टेकून तो उठला.

आमच्या टेबलापाशी येऊन त्याने वाकून विनंती केली. "नो, नो. ओल्ड लेडी. नो व्हॉइस," सासूबाई म्हणाल्या. तो म्हणाला की माझाही दम संपलाय, तरी बासरी वाजवतो आणि हे लोक सहन करतात. ते मी मराठीत सांगितलं, थोडं वाढवून. दोन झाले. तिसरा माझा. सव्वीस वर्षांत मी या बाईला कुठलीही गोष्ट दोनदासुद्धा विचारली नव्हती, तिसऱ्यांदा कसं विचारतात तेच मला माहीत नव्हतं.

"आई, एकच म्हणा. माझ्यासाठी."

"अगं काय हे, चारचौघांत!" त्या म्हणाल्या, पण तोवर चष्मा डबीत गेला होता आणि त्या अर्ध्या उठल्या होत्या. लेक डोळे मोठे करून बघत होती, आम्ही आजीला पळवून नेत असल्यासारखी.

गाणं त्यांच्या आईकडचं, लग्नात विहिणीची थट्टा करायचं. पंगतीत विहीणबाई लाडवाला नको नको म्हणते आणि मग कोठीच्या खोलीत जाऊन चोरून खाते. प्रत्येक कडव्यात एक लाडू वाढतो, आणि गाणं थोडं वर चढतं. पहिली ओळच घशात अडकली. लोकांनी धीर द्यायला टाळ्या वाजवल्या. सासूबाईंनी हात वर करून त्या थांबवल्या, पाण्याचा घोट घेतला आणि खालच्या पट्टीत पुन्हा सुरुवात केली.

आवाज थरथरत होता. तो गोड होता असं मी म्हणणार नाही. पण ठेका पक्का, आणि चेष्टा चेहऱ्यावर. दुसऱ्या लाडवाला त्यांनी दोन बोटं दाखवली, तिसऱ्याला तीन, आणि शब्द न कळता पबला गोष्ट कळली. चौथ्यापासून लोक टेबलं बडवून आकडा ओरडायला लागले. सातवा लाडू सगळ्यात वर होता. बेसमेंटमध्ये पाचदा चिरकलेली ओळ हीच. मी टेबलाची कड धरून उभी होते. आवाज चिरकला, चांगला फाटला, पण त्या थांबल्या नाहीत. त्या फाटक्या आवाजातच सातवा लाडू संपवून त्या खालच्या सुरावर उतरल्या आणि पदराने तोंड पुसलं.

मग जो गोंधळ झाला तो विचारू नका. बासरीवाल्याने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. "वन मोर!" सगळे ओरडत होते. सासूबाई "नो, नो" म्हणाल्या. मला आता रीत कळली होती. "आई, अजून एक!" त्या नको म्हणाल्या. लेकही शिकली होती, "आजी, प्लीज!" त्या पुन्हा नको म्हणाल्या. तीन झाले म्हणून मी त्यांचं कोपर धरून त्यांना पुढे ओढलं.

"अगं सोड," त्या हळूच म्हणाल्या. "आता खरंच नको. पाय कापतायत माझे."

खरंच कापत होते. मी त्यांना बसवलं आणि नवा कॉड मागवला. टकला माणूस आपणहून परत उठून गायला लागला होता. मी वैतागून म्हटलं, "आई, तुमचं कुठलं नको खरं आणि कुठलं खोटं, हे माणसाने ओळखायचं कसं?"

त्या माशावर फुंकर मारत होत्या. "त्यात काय ओळखायचं गो? तोंडाकडे बघायचं. तू विचारतेस तेव्हा पातेल्याकडे बघतेस."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. सव्वीस वर्षं ही बाई माझ्या टेबलावरून किती वेळा अर्धपोटी उठली असेल, असं माझ्या मनात आलं आणि मी मान खाली घातली. त्यांचा तुकडा संपला. ताटलीत आणखी एक होता.

"आई, हा घेता?"

"नको, झालं माझं."

मी तोंडाकडे बघितलं, आणि वाढला. त्यांनी तो सगळा खाल्ला, आणि मीठ कमी आहे म्हणाल्या.