आतून लावलेलं शटर

पोरीच्या नावानं आम्ही आंघोळ केली तेव्हा ती नागपूरला जिवंत होती. नव्या घरात भांडी लावत असेल. पोरीनं न विचारता जातीबाहेर लग्न केलं की आमच्या भावकीत अंगावरच्या कपड्यांनिशी डोक्यावरून पाणी घ्यायचं, मेलेल्या माणसाचं घेतात तसं. मग ती आपल्या लेखी मेली. माझा मोठा भाऊ अंगणात बादली घेऊन उभा होता. "घे बे, आटप. सारे पाहून राह्यले." मी तांब्या डोक्यावर ओतून घेतला. बायको जागची हलेना. तिच्या डोक्यावर मीच ओतला. तिनं डोळेसुद्धा मिटले नाहीत.

नंतर कित्येक वर्षं माझ्यासमोर पोरीचं नाव निघालं नाही. वर्ध्याला लागून सिंदी मेघेत माझं कापडाचं छोटंसं दुकान आहे, घर मागच्याच गल्लीत. मायलेकी फोनवर बोलतात हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे बायकोलाही. मला काही कळवायचं असलं की ती स्वयंपाकघरातून मुद्दाम मोठ्यानं बोलायची. जावई स्वभावानं गरीब आहे, पोरीला नोकरी लागली, सगळं मला असंच भिंतीआडून कळलं. एका उन्हाळ्यात तसंच कळलं, "तुया हृदयाची झडप बदला लागते म्हन्ते डॉक्टर? अन् तू मले आता सांगून राह्यली?"

मी पेपर वाचत होतो. ते पान मी कितीतरी वेळ उलटलं नाही.

वर्ध्याहून नागपूर काय लांब आहे? सकाळची बस धरली तर माणूस संध्याकाळच्या जेवणाला घरी. पण आंघोळ केलेल्या बापानं कोणत्या तोंडानं जायचं? भाऊ काय म्हणेल, भावकी काय म्हणेल, हे होतंच. त्याच्याही तळाशी एक भीती होती, ती मी बायकोलाही सांगितली नाही. मी खाटेपाशी उभा राहिलो आणि पोरीनं तोंड फिरवलं तर? मला तिला पाहायचं होतं. तिनं मला पाहू नये, एवढंच.

अशा अवस्थेत मोबाइलवर तो हिंदी व्हिडिओ लागला. ॲस्ट्रल प्रोजेक्शन. शरीर गादीवर ठेवून सूक्ष्म देहानं बाहेर पडायचं, हवं तिथं जाऊन यायचं. मला ते फारसं नवं वाटलं नाही. लहानपणी आई सांगायची, झोपलेल्याला एकदम हलवू नको, त्याचा जीव फिरायला गेलेला असतो. आणि मला एक वाट दिसली. पाणी घेतलं होतं अंगानं. जिवानं कुठं घेतलं होतं? अंग इथं दुकानात पडून राहील, भावकीला दिलेला शब्द राहील, आणि जीव नागपूरला जाऊन पोरीच्या उशाशी बसून येईल. आज लिहिताना मान वर होत नाही, पण तेव्हा ही तोड मला इतकी पटली की मी दुकानात एकटाच रडलो.

उन्हाळ्यात दुपारी आमच्याकडे सगळीच दुकानं मिटतात. मी शटर आतून लावून घ्यायचो, कूलर सुरू करायचो आणि गिऱ्हाइकांच्या गादीवर उताणा पडायचो. पायाच्या बोटांपासून एकेक अवयव सैल सोडायचा. छतातून दोर लोंबतोय असं समजून मनानं त्यावर चढायचं. अंग हलकं हवं म्हणून रात्रीचं जेवण सोडलं. रक्तदाबाची गोळी सुस्ती आणते, म्हणून तीही सोडली. व्हिडिओखाली लोकांनी विचारलेलं असायचं, परत येता आलं नाही तर? मला त्याची भीती नव्हती. नाही आलो तर नाही आलो, असंच मनात होतं. खरं म्हणजे त्याचीच भीती वाटायला हवी होती.

शेजारी शिंप्याचं दुकान. तो एकदा म्हणाला, "काऊन शेठ, दुपारभर शटर लावून पडून राहता? रात्री वहिनी घोरते काय?"

"तुई मशीन घोरते," मी म्हणालो. तो हसला आणि मग माझ्याकडे नीट बघून म्हणाला, "वाळून गेले पण तुमी. डॉक्टरले दाखवा." मी हो म्हटलं.

पहिले काही दिवस नुसती झोप लागायची. मग एका दुपारी डोळे उघडे, आणि हात हलेना, पाय हलेना. छातीवर कोणी बसावं तसा भार. ओरडायला गेलो तर आवाज नाही. सुटलो तेव्हा बनियन घामानं चिंब होतं. कोणीही शहाणा माणूस तिथं थांबला असता. पण व्हिडिओतला माणूस सांगत होता की हाच दरवाजा, आता घाबरून मागे फिरू नका. पुढच्या खेपेला मला पोरगी दिसलीसुद्धा. दवाखान्याच्या खाटेवर बसलेली, दोन वेण्या, लाल रिबिनी. सातवी-आठवीतली. म्हणजे मी नागपूरला गेलोच नव्हतो, माझ्याच डोक्यात फिरत होतो. हे मला त्याच क्षणी कळलं होतं आणि मी ते स्वतःला कळू दिलं नाही.

त्या माणसानं आणखी एक सांगितलं होतं. बाहेर पडायच्या अगदी शेवटी मोठे आवाज येतील, कोणी दार बडवल्यासारखे. घरच्या माणसांचे आवाज येतील, ते हाका मारतील. ओ द्यायची नाही. ओ दिली की संपलं.

ऑपरेशनला अजून चार दिवस आहेत असं मी भिंतीआडून ऐकलं होतं. ते अलीकडे आलं हे मला ठाऊक नव्हतं. त्या दुपारी मी मोबाइल बंद करून पडलो. अंग जड झालं, मग नाहीसं झालं. आणि आवाज सुरू झाले. पत्र्यावर धाडधाड. मग बायको. "अवो, उघडा! पोरगी लाइनवर हाय. तिले आत नेऊन राह्यले. एक शबद बोला तिच्याशी!" मग शिंपी. "शेठ! ओ शेठ!"

मला आनंद झाला. हे लिहायलाच मी इतकी वर्षं लावली. व्हिडिओत सांगितलं तसंच होतंय, आता मी निघणार, असं वाटून मला आनंद झाला. मी ओ दिली नाही.

आवाज थांबले. मी वाट पाहत पडून राहिलो. कुठंही निघालो नाही. कूलरमधलं पाणी संपलं होतं, नुसती गरम हवा तोंडावर येत होती.

शटर वर केलं तर बायको शिंप्याच्या स्टुलावर बसलेली, फोन मांडीत. तिचे तळहात लाल झाले होते.

"नेलं तिले," ती म्हणाली. "म्या सांगत होती, बाबा दुकानात नाईत. तर म्हन्ते, आई, राहू दे. आतून लावलंय ते."

शाळेतून आली की तीच माझं शटर उचलायची. बाहेरून कुलूप असलं की पत्रा खडखड करतो. आतून कडी असली की नुसता धप्प वाजतो. फोनवरूनही तिला ते कळलं.

ती शुद्धीवर आली नाही. मी दुसऱ्यांदा आंघोळ केली. या वेळी बादली घेऊन कोणी उभं नव्हतं. बायकोनं तिचं पाणी तिचं तिनंच घेतलं.

दिवस झाल्यावर जावई आला. मी त्याला पहिल्यांदाच पाहत होतो. त्यानं विचारलं, "बाबा, त्या दिवशी तुम्ही कुठं होता?"

"नागपूरच्या बसमध्ये," मी म्हणालो. "तिच्याकडंच निघालो होतो. बसमध्ये फोन लागत नव्हता."

तो माझ्या पायावर डोकं ठेवून रडला. म्हणाला, "तिला हे कळायला पाहिजे होतं." मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. स्वयंपाकघरात बायको तांदूळ निवडत होती. सुपाचा आवाज थांबला, आणि काही वेळानं पुन्हा सुरू झाला.

जावई अजूनही येतो. मला बाबा म्हणतो, गोळ्या घेतल्या का विचारतो. हे सगळं लिहितोय ते त्याच्या हाती द्यायला. मी बसमध्ये नव्हतो. मी शटरच्या आत होतो, गादीवर, उताणा. पोरीची हाक माझ्यापर्यंत आली होती.